गाठ एकटी नसते : किरणोपचार, प्रयोगशाळेतील उंदीर आणि शेजारच्या पेशींचा इतिहास

2002 साली म्हैसूर विद्यापीठाच्या मानसगंगोत्री परिसरातील भारती सालिमठ यांच्या संशोधनगटाचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. विषय होता हळदीतील कर्क्युमिन. उंदरांच्या उदरपोकळीत वाढणारा ‘एर्लिक ॲसायटिस’ नावाचा ट्यूमर या प्रयोगासाठी वापरला होता. कर्क्युमिन टोचलेल्या उंदरांच्या पोटात साचणारा द्रव 66 टक्क्यांनी घटला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे उदरपोकळीच्या अस्तरात ट्यूमरसाठी नव्याने फुटणाऱ्या रक्तवाहिन्याही रोडावल्या. या संशोधकांचे लक्ष केवळ कर्करोगाच्या पेशींवर नव्हते. त्या पेशींना रसद पुरवणाऱ्या निरोगी शेजाऱ्यांवर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींवर, काय परिणाम होतो हेही त्यांना पाहायचे होते.

असे संशोधन बातमीत उतरते तेव्हा त्याचे ‘हळदीने कर्करोग बरा होतो’ असे एक वाक्य उरते. ते वाक्य घरोघरी पोहोचते आणि किरणोपचार चालू असलेल्या रुग्णाच्या हाती कर्क्युमिनच्या गोळ्यांची बाटली येते. मग एक खरा, अवघड प्रश्न उभा राहतो. गाठीच्या रक्तवाहिन्या रोखल्या, तर किरणांचे काम सोपे होते की अवघड? याचे उत्तर हळदीत सापडत नाही. त्यासाठी सुमारे शंभर वर्षे चाललेल्या एका वादाकडे वळावे लागते. त्या वादाचा विषय असा : किरणांनी गाठ नाहीशी होते, तेव्हा नेमके कोण मेलेले असते? गाठीच्या पेशी, की तिला पोसणारे शेजारी?

बी आणि जमीन

शेजाऱ्यांचा विचार किरणोपचाराहूनही जुना आहे. 1889 साली लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या 735 स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. रोग शरीरात वाटेल तिथे पसरत नाही, काही अवयवांतच तो पुन्हापुन्हा रुजतो, असे त्यांच्या ध्यानात आले. बी सगळीकडे उडते, पण मानवणाऱ्या जमिनीतच उगवते, असा दृष्टान्त त्यांनी दिला. त्यानंतर सहाच वर्षांनी, 1895 साली, रॉन्टगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि अल्पावधीत ते गाठींवर वापरले जाऊ लागले.

जमिनीचा प्रभाव इथेही लवकरच दिसला. 1909 साली गॉटवाल्ड श्वार्ट्झ या वैद्याने एक साधी गोष्ट नोंदवली. रेडियमचे उपकरण त्वचेवर घट्ट दाबून धरले, की त्वचेवरील किरणांची इजा कमी होते. दाबामुळे त्या जागेचा रक्तपुरवठा मंदावतो. किरण तेच, मात्रा तीच, त्वचाही तीच. रक्त तेवढे कमी. तरीही परिणाम बदलला. या निरीक्षणामागील कारण नीट उलगडायला मात्र आणखी चार दशके जावी लागली.

एका भौतिकशास्त्रज्ञाचे एकक

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला किरणोपचार प्रथमदर्शनी सोपा वाटतो. दर किलोग्रॅम ऊतीत किती ज्यूल ऊर्जा शोषली गेली हे मोजले, की मात्रा ठरली. एका किलोग्रॅममध्ये एक ज्यूल म्हणजे एक ग्रे. किरणोपचाराच्या अनेक प्रचलित आराखड्यांत रोज सुमारे 2 ग्रे दिले जातात. एवढ्या ऊर्जेने पाण्याचे तापमान जेमतेम 0.0005 अंश सेल्सियसने वाढते. उष्णता म्हणून ही ऊर्जा नगण्य आहे. ती घातक ठरते याचे कारण ती कुठे आणि कोणत्या रासायनिक परिस्थितीत पडते हे आहे.

हे ज्यांनी सर्वांत स्पष्टपणे दाखवले, त्यांचेच नाव या एककाला दिलेले आहे. लुई हॅरल्ड ग्रे हे केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत घडलेले भौतिकशास्त्रज्ञ. पुढे ते रुग्णालयांतील किरणमापनाकडे आणि तिथून जीवशास्त्राकडे वळले. 1953 साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की ऑक्सिजन नसलेल्या पेशी मारायला सुमारे अडीच ते तीन पट मात्रा लागते. किरणांमुळे डीएनएवर अल्पायुषी, अतिक्रियाशील मूलके तयार होतात. ऑक्सिजन हजर असेल तर तो त्यांच्याशी संयोग पावतो आणि इजा पक्की होते. तो नसेल तर पेशीतील इतर रेणू ती इजा काही अंशी भरून काढतात. हा सारा खेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत संपतो, म्हणून ऑक्सिजन किरण पडतानाच तिथे असावा लागतो.

1955 साली थॉमलिन्सन आणि ग्रे यांनी माणसाच्या फुप्फुसातील गाठींचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. रक्तवाहिन्या असलेल्या संयोजी ऊतीपासून आत जावे, तसा जिवंत पेशींचा एक थर लागतो आणि त्यापलीकडे मृत भाग. जिवंत थराची जाडी सुमारे 180 मायक्रोमीटरच्या पुढे जात नव्हती. ऊतीत ऑक्सिजन किती अंतर झिरपू शकेल याचे विसरणाचे गणित त्यांनी मांडले आणि ते याच्या जवळ आले. जिवंत आणि मृत यांच्या सीमेवर काही पेशी अर्धवट गुदमरलेल्या, पण जिवंत असणार. किरणांना दाद न देणाऱ्या पेशी त्याच असणार. म्हणजे पेशीची चिवटता तिच्या स्वभावाइतकीच रक्तवाहिनीपासूनच्या अंतरावरही अवलंबून होती.

ऊर्जेच्या एककाला पुढे 1975 साली ग्रे यांचे नाव मिळाले. एवढे एकक पुरेसे नाही, हे त्यांच्याच कामातून सिद्ध झालेले होते.

काच आणि पिंजरा

याच दशकात काचेच्या बशीत मानवी पेशी वाढवण्याचे तंत्र स्थिरावले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत 1951 साली हेला पेशी अखंड वाढू लागल्या. 1956 साली पक आणि मार्कस यांनी याच पेशींवर क्ष-किरण टाकून किती मात्रेला किती पेशी जगतात याचा पहिला नेमका आलेख काढला. त्यापूर्वी वाटत होते त्यापेक्षा पेशी कितीतरी नाजूक निघाल्या. हा आलेख किरणजीवशास्त्राचा पाया बनला.

या इतिहासातील भारतीय धागा मुंबईत सापडतो. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 साली सुरू झाले. तिथे विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली पुण्यात जन्मलेल्या आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या कमल रणदिवे यांनी संशोधन केले. 1949 साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाल्यानंतर त्या जॉर्ज गाय यांच्याच प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धन शिकायला गेल्या. परतल्यावर 1952 साली स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. मात्र त्या काचेपुरत्या थांबल्या नाहीत. स्तनाच्या कर्करोगाचा वंश, संप्रेरके आणि विषाणू यांच्याशी असलेला संबंध त्यांनी उंदरांच्या जातींवर तपासला. हे प्रश्न बशीत सुटणारे नव्हते. संप्रेरके उंदराच्या अंडाशयातून येतात आणि वंशाचा माग पिढ्या वाढवल्याशिवाय लागत नाही. 1962 साली ही संस्था आणि टाटा रुग्णालय दोन्ही अणुऊर्जा विभागाकडे आली. अणुविज्ञान आणि कर्करोगसंशोधन एकाच छताखाली असण्याची भारतातील परंपरा तेव्हापासूनची आहे.

काच आणि पिंजरा यांतील फरक किरणांच्या बाबतीत लवकरच पुढे आला. 1959 साली ह्यूइट आणि विल्सन यांनी उंदराच्या अंगातच ल्युकेमियाच्या पेशींवर किरण टाकून जगलेल्या पेशी मोजण्याची पद्धत काढली. त्यांचा आलेख बशीतल्या आलेखाशी जुळता होता. 1963 साली पॉवर्स आणि टॉल्मॅक यांनी उंदरातील घट्ट गाठ घेतली, तेव्हा मात्र आलेख मध्येच वळला. बहुतेक पेशी झपाट्याने मेल्या, पण सुमारे एक टक्का पेशी खूपच चिवट निघाल्या. थॉमलिन्सन आणि ग्रे यांनी छेदात ज्यांचे अनुमान केले होते, त्याच गुदमरलेल्या पेशींचा हा आलेखातला पुरावा होता.

1968 साली फान पुटन आणि कालमन यांनी उंदरांच्या सार्कोमावर रोज थोडी थोडी मात्रा दिली. ऑक्सिजन असलेल्या पेशी आधी मरतात, तर शेवटी गुदमरलेल्याच उरायला हव्या होत्या. प्रत्यक्षात त्यांचे प्रमाण जवळपास पूर्वीइतकेच राहिले. वरच्या पेशी मेल्या, की आतल्यांपर्यंत ऑक्सिजन पोहोचतो आणि त्यांचा चिवटपणा जातो. पाच-सहा आठवडे रोज रुग्णालयात का जावे लागते, या रुग्णाच्या प्रश्नाला असलेल्या अनेक उत्तरांपैकी एक उत्तर या उंदरांनी दिलेले आहे.

रक्तवाहिन्यांवरून झालेला वाद

1971 साली ज्यूडा फोकमन यांनी मांडले, की नव्या रक्तवाहिन्या ओढून घेतल्याशिवाय गाठ काही मिलिमीटरच्या पुढे वाढू शकत नाही. त्या वाहिन्या रोखणे हाच उपचार ठरू शकेल. म्हैसूरचे 2002 चे काम याच विचारधारेतले आहे. पण या विचाराची ग्रे यांच्या निष्कर्षाशी उघड टक्कर होते. रक्तवाहिन्या कापल्या तर गाठ उपाशी राहील हे खरे. पण ऑक्सिजनही तुटेल आणि किरण निष्प्रभ होतील.

2003 साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग केंद्रातील फुक्स आणि कोलेस्निक यांच्या गटाने एक धाडसी दावा केला. त्यांनी त्याच ट्यूमर-पेशी दोन प्रकारच्या उंदरांत टोचल्या. एक नेहमीचे, दुसरे असे, की एका जनुकाच्या अभावी त्यांच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशी किरणांनी सहजी मरत नव्हत्या. गाठीच्या पेशी दोन्हीकडे सारख्याच असूनही दुसऱ्या उंदरांतील गाठी किरणांना फारशी दाद देईनात. निष्कर्ष असा, की मोठ्या मात्रेत किरणांचे खरे लक्ष्य रक्तवाहिन्याच आहेत. यजमान बदलला आणि निकाल बदलला, हा तर्क विलक्षण स्वच्छ होता.

आक्षेप लवकरच आले. यजमान उंदराचे जनुक सर्व पेशींतून काढले, तर केवळ रक्तवाहिन्या बदलत नाहीत. रोगप्रतिकारक पेशीही त्याच यजमानाच्या असतात. त्यांच्यात काहीच बदलले नसेल कशावरून? हा आक्षेप पोकळ नव्हता. 1979 साली स्टोन, पीटर्स आणि मिलास यांनी दाखवले होते, की प्रतिकारशक्ती दडपलेल्या उंदरांतील फायब्रोसार्कोमा बरा करायला नेहमीच्या उंदरांपेक्षा दुपटीहून अधिक मात्रा लागते. पुढे 2009 साली शिकागो विद्यापीठातील गटाने मेलानोमावर एकच मोठी मात्रा देऊन पाहिले. सीडी-8 टी-पेशी काढून टाकल्यावर त्या मात्रेचा लाभ ओसरला. शेजारी एकटी रक्तवाहिनी नव्हती. तिथे रक्तवाहिन्या होत्या, प्रतिकारक पेशी होत्या आणि त्यांना धरून ठेवणारी संयोजी ऊतीही होती.

मग ड्यूक विद्यापीठातील डेव्हिड कर्श यांच्या गटाने अधिक काटेकोर प्राणी घडवला. त्यांच्या उंदरांत सार्कोमा बाहेरून टोचलेला नव्हता. तो उंदराच्या स्वतःच्या पेशींतून उगवत होता. शिवाय गाठीच्या पेशीत एक जनुक आणि अस्तरपेशीत दुसरे, असे वेगवेगळे बदल एकाच उंदरात करण्याची सोय त्यांनी केली होती. 2015 साली त्यांनी निकाल मांडला. अस्तरपेशींतून एटीएम हे डीएनए-दुरुस्तीशी निगडित जनुक काढले, तेव्हा किरणांनी अधिक अस्तरपेशी मेल्या, पण गाठी बऱ्या होण्याचे प्रमाण वाढले नाही. तेच जनुक गाठीच्या पेशींतून काढले, तेव्हा मात्र ते वाढले. गाठ समूळ जाण्यासाठी तिच्या स्वतःच्याच पेशी मराव्या लागतात, असा हा कौल होता.

दोन्ही प्रयोग काळजीपूर्वक केलेले होते. तरीही उत्तरे वेगळी आली, कारण प्राणी वेगळे होते. टोचलेली गाठ काही दिवसांत वाढते आणि तिच्या रक्तवाहिन्या घाईने बांधलेल्या असतात. शरीरातच उगवलेली गाठ सावकाश वाढते आणि शेजाऱ्यांशी दीर्घ काळ जुळवून घेते. शिवाय गाठीची वाढ काही काळ थांबणे आणि ती कायमची नाहीशी होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शेजारी पहिल्या गोष्टीवर मोठा प्रभाव टाकू शकतात आणि तरीही दुसरी गोष्ट शेवटच्या जिवंत ट्यूमर-पेशीवरच ठरू शकते.

वेळेचा मुहूर्त

फोकमन आणि ग्रे यांच्यातील पेच सोडवण्याचा एक मार्ग राकेश जैन यांनी सुचवला. आयआयटी कानपूरमधून रासायनिक अभियांत्रिकी शिकून अमेरिकेत गेलेल्या जैन यांनी गाठीतील रक्तप्रवाहाकडे अभियंत्याच्या नजरेने पाहिले. गाठीच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात. 2001 साली त्यांनी मांडले, की रक्तवाहिनीरोधक औषधाची मात्रा नेमकी असेल, तर त्या आधी सुधारतात, प्रवाह सुरळीत होतो आणि ऑक्सिजन वाढतो. 2004 साली त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतील गाठींवर हे तपासले. औषध सुरू केल्यानंतरच्या थोड्या दिवसांत किरण दिले, तेव्हा परिणाम सर्वांत चांगला दिसला. त्या मुहूर्ताच्या आधी किंवा नंतर दिलेल्या किरणांत तो लाभ उरला नाही.

माणसात मात्र हे सरळ उतरले नाही. मेंदूच्या ग्लिओब्लास्टोमा या कर्करोगात किरणोपचार आणि केमोथेरपी यांना बेव्हासिझुमॅब या रक्तवाहिनीरोधकाची जोड देणाऱ्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल 2014 साली प्रसिद्ध झाले. रोग बळावण्यापूर्वीचा काळ लांबला, पण एकूण आयुर्मान वाढले नाही. दुसरीकडे, गुदमरलेल्या पेशींत ऑक्सिजनसारखे काम करणाऱ्या निमोराझोलने डेन्मार्कमधील 1998 च्या चाचणीत घसा आणि स्वरयंत्राच्या कर्करोगात किरणोपचाराचा परिणाम सुधारला. तंबाखूमुळे तोंडा-घशाचे कर्करोग जिथे मोठ्या प्रमाणावर आढळतात, त्या आपल्या देशाला ग्रे यांचा प्रश्न आजही शिळा झालेला नाही.

आता पुन्हा म्हैसूरच्या त्या उंदरांकडे पाहू. एर्लिक ट्यूमरचा उगम विसाव्या शतकाच्या आरंभी पाउल एर्लिक यांनी अभ्यासलेल्या उंदराच्या स्तनातील गाठीत आहे. 1932 पासून तो उदरपोकळीतील द्रवात तरंगणाऱ्या पेशींच्या रूपात वाढवला जातो. द्रव किती साचला आणि अस्तरात किती रक्तवाहिन्या फुटल्या हे त्यात नेमके मोजता येते, म्हणून रक्तवाहिनीरोधक पदार्थांच्या पहिल्या पारखणीसाठी तो सोयीचा आहे. सालिमठ यांच्या गटाने विचारलेल्या प्रश्नाला हा प्राणी योग्यच होता. पण त्या प्रयोगात किरण नव्हते आणि तरंगणाऱ्या पेशींभोवती घट्ट गाठीसारखी 180 मायक्रोमीटरची भिंतही नव्हती. त्यामुळे किरणोपचाराच्या काळात कर्क्युमिन घ्यावे की नाही, याचे उत्तर तो निबंध देत नाही. त्याने तसा दावाही केलेला नाही. दावा बातमीच्या मथळ्यात तयार होतो.

किरणांसह वनस्पतिजन्य पदार्थ तपासण्याचे काम कर्नाटकातच, मणिपालच्या कस्तुरबा वैद्यकीय महाविद्यालयात पी. उमा देवी यांच्या गटाने केले. अश्वगंधेतील विदाफेरिन-ए हे द्रव्य आणि किरण यांचा एकत्रित परिणाम त्यांनी उंदरांच्या घट्ट मेलानोमावर पाहिला. प्रश्नात किरण होते, म्हणून प्रयोगातही किरण आणि घट्ट गाठ होती. इतके साधे हे सूत्र आहे.

तेव्हा विद्यार्थ्यांनी आणि विज्ञानवाचकांनी अशी पुढची बातमी वाचताना चार गोष्टी विचाराव्यात. गाठ टोचलेली होती, उगवलेली होती की द्रवात तरंगणारी? उंदराची प्रतिकारशक्ती शाबूत होती का? मानवी पेशी टोचायच्या, तर बहुधा ती नसलेलेच उंदीर घ्यावे लागतात. किरण कोणत्या मात्रेत आणि औषधाच्या आधी की नंतर दिले? आणि मोजले काय : गाठ किती दिवस थांबली, की ती परत आलीच नाही? ही उत्तरे बातमीत नसतील, तर मूळ निबंध उघडावा. आणि घरात कोणाचा किरणोपचार चालू असेल, तर हळदीच्या गोळ्यांसह प्रत्येक पूरक औषध आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगावे. गाठीच्या शेजाऱ्यांवर त्याचा काय परिणाम होईल, हे ठरवायला औषध आणि किरण यांच्या वेळा एकत्र पाहाव्या लागतात आणि किरणांचे वेळापत्रक त्यांच्याकडेच असते.